कुलूप लावलेल्या घरांची उत्तरं

१९ मे २०२३ रोजी माझी तोंडी परीक्षा झाली आणि समाजशास्त्राच्या एम.ए.चा लघुप्रबंध एकदाचा हातावेगळा झाला. विषय होता: जुलै २०२१च्या महापुरात पाणी येणार हे कोल्हापुरातल्या नदीकाठच्या घरांना कधी कळलं आणि कुणाकडून कळलं. माझं वय ३८. बी.ए.नंतर चौदा वर्षांनी पुन्हा वही हातात घेतली होती. सर्व्हे करायचा म्हटल्यावर मला धास्ती होती ती आकडेमोडीची. ती चार दिवसांत उरकली. नऊ महिने गेले ते कुणाला विचारायचं आणि कसं विचारायचं यात. त्या नऊ महिन्यांत मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं असं बरंच काही कळलं, ते इथे तारखांसकट लिहून ठेवते.

सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, २ ऑगस्ट २०२२ला दिला. सहा पानं, तीन प्रती, मार्गदर्शक मॅडमची सही, विभागप्रमुखांची सही, मग कार्यालयात आवक नंबर. (आवक शिक्का असलेली प्रत स्वतःकडे ठेवा. माझ्या तीन प्रतींपैकी एक नंतर सापडेना, तेव्हा तीच उपयोगी पडली.) मंजुरी २४ ऑगस्टला आली. मधल्या बावीस दिवसांत मला स्वस्थ बसवेना. मोबाईलवर गुगल फॉर्म केला आणि शाळेच्या मैत्रिणींचा, सोसायटीचा, माहेरच्या मंडळींचा, भावाच्या ऑफिसचा, अशा मिळतील त्या ग्रुपवर टाकला. पाच दिवसांत ३१२ उत्तरं. मी हरखून गेले. 'पुराची पूर्वसूचना तुम्हाला मिळाली होती का?' या प्रश्नाला जवळजवळ सगळ्यांनी 'होय' म्हटलं होतं, आणि बहुतेकांनी माध्यम लिहिलं होतं व्हॉट्सअ‍ॅप.

मॅडमनी तो तक्ता दोन मिनिटं पाहिला आणि मला तीनच गोष्टी विचारल्या. यातल्या किती जणांच्या घरात पाणी आलं? साठीच्या पुढचे किती? स्मार्टफोन नसलेलं यात कुणी एक तरी आहे का? पहिल्या दोन्हींचं उत्तर मला देता आलं नाही, कारण मी ते विचारलंच नव्हतं. तिसऱ्याचं उत्तर उघड होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर फॉर्म पाठवून मी विचारत होते की तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप मिळतो का.

"पण तीनशे बारा आहेत हो मॅडम," मी म्हटलं. तेव्हा त्यांनी १९३६ सालच्या अमेरिकेतल्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीची हकीकत सांगितली. 'लिटररी डायजेस्ट' नावाच्या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी लोकांना मतचिठ्ठ्या पाठवल्या. नावं घेतली होती टेलिफोनच्या डिरेक्टरीतून आणि मोटारींच्या नोंदणीतून. २० लाखांहून जास्त चिठ्ठ्या परत आल्या आणि त्यावरून त्यांनी रूझवेल्ट हरणार आणि आल्फ्रेड लँडन जिंकणार असं छापलं. प्रत्यक्षात रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत निवडून आले. मंदीच्या त्या दिवसांत ज्यांच्या घरी टेलिफोन आणि मोटार नव्हती त्यांचं मत वेगळं होतं. शिवाय चिठ्ठी भरून परत पाठवण्याची तसदी घेणारे लोकही सगळ्यांसारखे नव्हते. त्याच वेळी जनमत चाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलपने जेमतेम ५० हजारांच्या आसपास लोकांना विचारून निकाल बरोबर ओळखला होता. "एकाच बाजूची माणसं वाढवत गेलात तर चूक कमी होत नाही," मॅडम म्हणाल्या, "उलट तिच्यावरचा तुमचा विश्वास वाढत जातो." ते ३१२ फॉर्म मी बाजूला ठेवले. त्या रात्री घरी येऊन रडले, हेही लिहून ठेवते.

सप्टेंबर सगळा यादीत गेला. नमुना, म्हणजे सगळ्यांऐवजी विचारायची मोजकी घरं, निवडायचा तर आधी यादी हवी. मला पहिल्यांदा सुचली घरफाळ्याची. कॉलेजच्या लेटरहेडवर जावक क्रमांकासह परिचयपत्र घेतलं, अर्ज दिला. सोळा दिवसांनी उत्तर आलं की मालकांची वैयक्तिक माहिती देता येत नाही. वाईट वाटलं, पण मॅडम म्हणाल्या, मिळाली असती तरी ती मालकांची यादी, भाडेकरूंचं काय? पुरात तळमजल्यावरच्या खोलीत जास्त करून भाडेकरूच असतात. मग मतदार यादी घेतली. ती राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर भागवार पीडीएफमध्ये मिळते, पैसे लागत नाहीत. फक्त पानं चित्रासारखी असतात, त्यामुळे नाव टाकून शोधता येत नाही. सगळं डोळ्यांनी बघावं लागतं.

शाहूपुरीची कुंभार गल्ली, सुतारवाडा, शुक्रवार पेठ आणि रमणमळा या बाजूचे चार भाग घेतले. रोज रात्री जेवणं झाली की घर क्रमांक बघून एकेक कुटुंब पेन्सिलने वेगळं करत बसायचे. तीन आठवडे लागले. यादी हातात घेऊन बसल्याशिवाय तिच्यातली भोकं दिसत नाहीत. सासरे वारून सहा वर्षं झाली तरी नाव आहे. नव्या सुनेचं नाव अजून माहेरी. भाड्याने राहणाऱ्याचं नाव गडहिंग्लजला नाहीतर चंदगडला. म्हणजे यादी मालकांची नसली तरी मुरलेल्या माणसांची होतीच.

त्यावर एक उपाय मॅडमनी शिकवला, तो फार कामाचा ठरला. दर पाचवं कुटुंब निवडायचं, पण कुठून सुरुवात करायची ती चिठ्ठी टाकून. माझ्या पुतणीने एक ते पाचमधून चिठ्ठी उचलली, तीन आला. प्रत्येक भागातून ६० अशी २४० घरं ठरली. मग गल्लीत गेल्यावर निवडलेलं घर आणि यादीतलं त्याच्या पुढचं घर यांच्यामध्ये यादीत नसलेलं एखादं कुटुंब राहत असेल, जिन्याखाली, मागच्या खोलीत, दुकानाच्या वर, तर तेही घ्यायचं. अशी १४ कुटुंबं सापडली. त्यातल्या एकाही घराला माझ्या कागदावर अस्तित्व नव्हतं.

ऑक्टोबरमध्ये प्रश्नपत्रक. हा भाग मला सोपा वाटला होता, कारण मराठी माझीच भाषा. पहिल्या मसुद्यातला सातवा प्रश्न असा होता: 'प्रशासनाने वेळेवर सूचना देऊनही आपण स्थलांतर का केले नाही?' मॅडमनी लाल पेनने त्यावर गोल केला आणि मला तो मोठ्याने वाचायला लावला. वाचताना मलाच ऐकू आलं. सूचना वेळेवर दिली हे मी गृहीत धरलं होतं. ऐकणाऱ्याने घर सोडलं नाही हेही गृहीत धरलं होतं, आणि वर त्याची चूक काढली होती. आठवा प्रश्न 'सूचना व मदत वेळेवर मिळाली का?' सूचना मिळाली आणि मदत नाही मिळाली, अशा माणसाने काय म्हणायचं?

सुट्टीच्या दिवशी शुक्रवार पेठेत, निवडलेल्या घरांखेरीज १४ घरी जाऊन चाचणी घेतली. तिथे जे कळलं ते टेबलाशी बसून कधीच कळलं नसतं.

'तुम्ही स्थलांतर केलं का?' याला एक काकू ठामपणे नाही म्हणाल्या. पुढे गप्पा मारता मारता म्हणाल्या, "आम्ही पाच दिस बहिणीकडं फुलेवाडीला हुतो की." मी म्हटलं, मग स्थलांतर केलंत ना? "ते कुठलं स्थलांतर? स्थलांतर म्हंजे शाळंत ठेवत्यात ते." सरकारी निवारा केंद्रात गेलं तर स्थलांतर, बहिणीकडे गेलं तर नाही! दुसऱ्या एका गृहस्थांना स्थलांतर म्हणजे कायमचं पुण्याला जाणं वाटलं. त्या एका शब्दाने मी कितीतरी घरं 'पुरात घरातच राहिली' अशी मोजली असती. प्रश्न बदलला: 'त्या पुरात घर सोडून दुसरीकडं राहायला लागलं का? कुठं?'

'सूचना'चंही तसंच. नोटीस म्हटलं की लोक दचकायचे, सूचना म्हटलं की फलक डोळ्यांपुढे यायचा. लोक म्हणत होते 'गाडी फिरली' (म्हणजे भोंग्यावरून पुकारत जाणारी), 'पुकारलं', 'पोरांनी सांगितलं'. काही जण मोबाईलवर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यापाशी पाण्याची पातळी बघत होते. ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका हे त्यांना तोंडपाठ होतं. एक आजी म्हणाल्या, जामदार क्लबापाशी पाणी आलं म्हणून कळलं की आम्ही भांडी माळ्यावर टाकतो. ही सूचना म्हणायची की नाही? माझ्या पर्यायांच्या यादीत ती बसतच नव्हती. मग पर्याय काढून टाकले आणि सरळ विचारायचं ठरवलं: 'पाणी येणार हे तुम्हाला पहिल्यांदा कसं कळलं?' माणूस सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहायचं, खाने मागाहून पाडायचे. कोडिंगचं काम तिप्पट झालं, पण पर्याय वाचून दाखवले की लोक त्यातला बरा वाटणारा उचलतात हे मी डोळ्यांनी पाहिलं.

तिसरी अडचण आठवणीची. २०१९चा पूर आणि २०२१चा पूर लोकांच्या मनात एकमेकांत मिसळलेले. होडीतून बाहेर काढलं ते कधी, असं विचारलं की "त्या पुरातच" म्हणायचे. तारखेने आठवत नव्हतं, सणाने आठवत होतं. २०१९ला पाणी चढलं ते नागपंचमीच्या सुमाराला, २०२१ला आषाढी एकादशीनंतर दोन-तीन दिवसांत, आणि त्या वर्षी कोरोनाही होता. मुलाखतीच्या सुरुवातीलाच "एकादशीचा उपास, तोंडाला मास्क, आणि मग पाणी, तो पूर" असं म्हटलं की माणूस थांबून विचार करायचा आणि कित्येकदा स्वतःच आधीचं उत्तर दुरुस्त करायचा. किती मागचं विचारता यावरही उत्तर बदलतं. सरकारच्या राष्ट्रीय नमुना पाहणीसारख्या मोठ्या पाहणीतही हे झालं आहे. १९९९-२०००च्या ५५व्या फेरीत अन्नावरचा खर्च गेल्या ३० दिवसांचा आणि गेल्या ७ दिवसांचा असा एकाच कुटुंबाला दोन्ही तऱ्हेने विचारला होता. त्यातून निघालेले गरिबीचे आकडे आधीच्या फेऱ्यांशी ताडून बघता येतील का, यावर अर्थतज्ज्ञांमध्ये मोठा वाद झाला.

शेवटचा प्रश्न पूररेषेचा होता. २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द दाखवणारी ती निळी रेषा. तिच्या आत 'बांधकामाला परवानगी द्यावी का' असं विचारायचं की 'बांधकामाला बंदी घालावी का'? मला दोन्ही एकच वाटत होतं. अमेरिकेत १९४१ साली डोनाल्ड रग या संशोधकाने भाषणस्वातंत्र्याबद्दल असेच दोन प्रश्न ताडून पाहिले होते. 'परवानगी देऊ नये' म्हणणारे पुष्कळ निघाले, 'बंदी घालावी' म्हणणारे त्याहून बरेच कमी. बंदी हा शब्द जड आहे, मराठीतही. मी निम्म्या पत्रकांवर एक आणि निम्म्यांवर दुसरा छापला आणि प्रबंधात दोन्ही निकाल वेगवेगळे दिले.

दिवाळी २४ ऑक्टोबरला होती, तेव्हा दहा दिवस काम बंद. नोव्हेंबरात छपाई. चार पानी पत्रक, ३०० प्रती, झेरॉक्स आणि पिनांसकट १,३५० रुपये. इथे एक चूक झाली. पत्रकासोबत सहीचं संमतीपत्र जोडलं होतं. पहिल्या दिवशी, ४ डिसेंबरला, सहा घरांपैकी तिघांनी सही म्हटल्यावर दारच लावून घेतलं. बोलायला तयार होते, सही करायला नव्हते. ज्यांचं घर कागदोपत्री पक्कं नाही, ज्यांचा मालकाशी वाद चालू आहे, असेच लोक त्यामुळे गळत होते. मॅडमना त्याच संध्याकाळी फोन केला. त्यांनी विभागाकडून तोंडी संमतीची परवानगी आणून दिली, पत्रकावर वेळ आणि माझी सही या अटीवर. त्या तीन घरांपैकी दोन नंतर बोलली.

काम तिघांत वाटलं होतं: मी, वर्गातली एक मैत्रीण आणि इंजिनिअरिंगला असलेला माझा भाचा. पहिले दोन आठवडे आम्ही सकाळी अकरा ते चार जायचो. वीस पत्रकं भरल्यावर चाळली तर सतरा बायकांची किंवा म्हाताऱ्या माणसांची. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत जाणारे, भाजीचा गाडा लावणारे, धुणीभांडी करणाऱ्या बायका यातलं कुणीच नाही. मग नियम केला: एका घरी तीन वेळा जायचं, एकदा दुपारी, एकदा संध्याकाळी सातनंतर, एकदा रविवारी. त्याशिवाय 'भेटले नाहीत' असं लिहायचं नाही.

घरात कुणाला विचारायचं हाही प्रश्नच. जो दार उघडतो तोच बोलायला लागतो. सुनेला विचारलं तर आतून सासूबाई उत्तर देतात. पुस्तकात एक सोपी पद्धत होती, ज्याचा वाढदिवस पुढे लवकर येतो त्याला निवडायचं. आमच्याकडे ती पहिल्याच घरी बंद पडली. आजोबांचा वाढदिवस १ जून, आजींचा १ जून, काकांचाही १ जून. शाळेत नाव घालताना गुरुजींनी घातलेली तारीख! मग घरातल्या अठरा वर्षांवरच्या माणसांची नावं वयाने उतरत्या क्रमाने लिहायची आणि पत्रकावर आधीच छापलेल्या अंकाचा माणूस घ्यायचा, असं केलं. घरातला माणूस निवडण्यासाठी लेस्ली किश या नमुना-तज्ज्ञांनी १९४९मध्ये दिलेल्या तक्त्याचाच हा साधा अवतार. वयंही साठ, पासष्ट, सत्तर अशीच येत होती, पण क्रम लावायला तेवढं पुरतं.

"पंचनाम्याला आलासा काय?" हा प्रश्न तर दर दुसऱ्या दारात. पुरानंतर सानुग्रह अनुदानासाठी पंचनामे झालेले, कुणाचं राहिलेलं, कुणाचं नाव गाळलेलं. हातात कागद घेतलेली बाई म्हणजे सरकारी बाई. त्यामुळे काही जण नुकसान वाढवून सांगायचे, आणि ज्यांना मदत मिळालेली होती ते कमी करून. मी कॉलेजचं ओळखपत्र गळ्यात घातलं आणि पहिलंच वाक्य ठरवून टाकलं: "मी शिकतीया, माझ्या परीक्षेचं काम हाय, ह्यातनं कुणाला काय मिळणार न्हाई आणि कुणाचं काय जाणार न्हाई." हे ऐकून दोन घरांनी दार लावलं. बाकीच्यांनी चहा टाकला.

एका भागात तालमीचा एक कार्यकर्ता स्वतःहून बरोबर आला. चांगला मुलगा, पुरात रात्रभर लोकांना बाहेर काढलेला. तो दारात उभा असताना भरलेली नऊ पत्रकं मी त्याच रात्री वाचली. पाणी येणार हे कसं कळलं, तर नऊपैकी नऊ ठिकाणी 'तालमीच्या पोरांनी सांगितलं'. खरंही असेल. पण त्याच्यासमोर दुसरं काही कोण म्हणेल? त्याला दुसऱ्या दिवशी नीट समजावून सांगितलं, तोही समजला, आणि त्या नऊ घरी मी पुन्हा एकटी गेले. पाच घरांनी तेच सांगितलं, चारांनी वेगळं.

सगळ्यात अवघड दिवस ८ जानेवारीचा. १२० पत्रकं झाली होती, प्रत्येकाची ४०. मॅडमनी सुरुवातीलाच सांगितलं होतं की गल्ल्या वाटून घेऊ नका, एकाच गल्लीतली घरं तिघांत चिठ्ठीने वाटा. तेव्हा मला ती उगीचची पायपीट वाटली होती. ही युक्ती संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबीस यांची. पाहणीचा नमुना एकमेकांत गुंफलेल्या तुकड्यांत विभागून वेगवेगळ्या माणसांना द्यायचा, म्हणजे फरक पडला तर तो गल्लीचा नसून विचारणाऱ्याचा आहे हे कळतं. त्या दिवशी तिघांचे ढीग शेजारी शेजारी मांडले. गाडी फिरल्याचं माझ्या आणि मैत्रिणीच्या पत्रकांत निम्म्याच्या आसपास घरांनी सांगितलं होतं. भाच्याच्या ढिगात जवळजवळ सगळ्यांनी.

मी त्याच्यावर चिडले नाही, पण पोटात गोळा आला. त्याला माझ्यावरच एक मुलाखत घ्यायला सांगितली. तो म्हणाला, "काकू, पाणी येणार हे पहिल्यांदा कसं कळलं?" मी दोन सेकंद गप्प राहिले, तर लगेच, "म्हणजे गाडी वगैरे फिरली असेल ना?" माणूस गप्प बसला की त्याला अवघडायला व्हायचं, आणि तो मदत करायचा. मुलगा इतका खरा की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मॅडमनी त्याला डॉ. पां. वा. सुखात्मे यांच्याबद्दल सांगितलं. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, नमुना पाहणीच्या शास्त्रात जगभर नाव झालेले. पीक कापणीच्या प्रयोगात लहान तुकडा कापला की उत्पन्न जास्त दिसतं, हे त्यांनी १९४०च्या दशकात दाखवलं होतं. कडेवरचं रोप आत धरायचं की बाहेर, असा प्रश्न आला की कापणाऱ्याचा हात ते आत धरण्याकडे वळतो, आणि तुकडा जितका लहान तितका त्यात कडेचा वाटा मोठा. ते लोक लबाड नव्हते. त्यांचा हात दर वेळी एकाच बाजूला झुकत होता एवढंच. भाच्याने नंतर पत्रकाच्या वरच लिहून घेतलं: 'प्रश्न विचारला की मनात पाचपर्यंत मोजायचं.' त्याची चाळीसही घरं आम्ही दोघींनी पुन्हा केली. संक्रांतीचा रविवार आणि त्याच्या पुढचे दोन रविवार त्यात गेले. तीळगूळ मात्र चाळीस घरचा मिळाला.

फेब्रुवारीच्या १२ तारखेला हिशेब असा होता: २५४ घरांपैकी २०९ झाली, १३ घरांनी नकार दिला, ३२ घरांना तिन्ही फेऱ्यांत कुलूप. मी मॅडमना म्हटलं, आता लिहायला घेते. त्या म्हणाल्या, "कुलपं कुणाची आहेत?"

शेजारी विचारत फिरले. तेरा घरांची माणसं कामानिमित्त बाहेर, किंवा वेळच जमली नव्हती. पण १९ घरं पुरानंतर सोडून गेलेली. दोन पुरांनंतर भिंती ओल्या राहिल्या, म्हातारं माणूस दगावलं, गणपतीच्या मूर्तींचा अख्खा हंगाम वाहून गेला, म्हणून गेलेली. आणि मी नमुना ठरवताना लिहून बसले होते, 'या भागात राहणारी कुटुंबं'. प्रश्न २०२१चा आणि माणसं २०२३ची! ज्यांना पुराने सगळ्यात जास्त मारलं ते तिथे उरलेच नव्हते, त्यामुळे माझ्या आकड्यात पूर आपोआप सौम्य होत होता. व्याख्या बदलली: 'जुलै २०२१मध्ये या घरात राहणारी कुटुंबं'. मार्गदर्शकांच्या पत्राने विभागाला कळवलं, सात दिवसांत मान्यता मिळाली.

१९पैकी ११ कुटुंबांचा पत्ता लागला. किराणा दुकानदार, दूध घालणारे, भिशीतल्या बायका यांच्याकडून नंबर मिळाले. नंबर देण्याआधी त्यांनीच फोन करून त्या घरी विचारावं असं मी सांगायचे. सहा कुटुंबं पाचगाव, कळंबा या बाजूला मिळाली, तीन गावी परतलेली, दोन इचलकरंजीला. नऊ ठिकाणी स्वतः गेले, दोन मुलाखती फोनवर.

कळंब्याच्या एका खोलीत चाकावर काम करणारे एक काका भेटले. कुंभार गल्लीत त्यांच्या तीन पिढ्या गेल्या. मी विचारलं, पाणी येणार हे पहिल्यांदा कसं कळलं? मनात पाचपर्यंत मोजलं, मग दहापर्यंत. ते म्हणाले, "उंबऱ्यात आलं तवा." त्यांच्या घरापर्यंत गाडी आली नव्हती, गल्ली अरुंद. मोबाईल मुलाकडे, मुलगा कामावर. अकरापैकी सात घरांनी अशाच अर्थाचं सांगितलं. अकरा म्हणजे अकराच, त्यावरून टक्केवारी काढत नाही. पण २०९ पत्रकं पुन्हा काढून बघितली, तर 'उंबऱ्यात आल्यावर कळलं' म्हणणाऱ्यांचं प्रमाण तिथे याच्या जवळपासही नव्हतं. निघताना काकांनी विचारलं, "आमी हितं ऱ्हातूय हे तुमाला कुनी सांगितलं? आजपातूर कोन आलं न्हाई इचारायला."

मार्चमध्ये एक्सेलमध्ये आकडेमोड, एप्रिलमध्ये लेखन, चार प्रती बांधून २१ एप्रिलला जमा. बाइंडिंग आणि प्रिंट २,६०० रुपये, पेट्रोल आणि केएमटी (शहर बस) मिळून साधारण ३,१००, दोघांचा नाश्ता-चहा ९०० धरला नव्हता तो धरायला लागला. छपाई धरून आठ हजारांच्या आत झालं. पेट्रोल कमी धरू नका, तिसरी फेरी हमखास लागते.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी निष्कर्षांबद्दल फारसं विचारलंच नाही. त्यांनी २५४मधून झालेली २२० (२०९ आणि ही ११) वजा केली आणि म्हणाले, "हे चौतीस जण काय म्हणाले असते?" हा प्रश्न मॅडमनी आधीच माझ्याकडून सोडवून घेतला होता. त्या चौतीस घरांबद्दल जे बाहेरून दिसत होतं ते मी टिपून ठेवलं होतं: गल्ली कुठली, तळमजला की वर, घर पक्कं की पत्र्याचं, नकार की कुलूप. आणि प्रत्येक मुख्य आकड्याशेजारी आणखी दोन आकडे लिहिले होते, चौतीसही जण 'नाही' म्हणाले असते तर किती, आणि चौतीसही 'होय' म्हणाले असते तर किती. दोन्हींतलं अंतर बघताना मला आधी लाज वाटायची, कारण त्याने माझा निष्कर्ष ढिला दिसतो. परीक्षकांनी ते पान दोनदा बघितलं आणि पुढच्या प्रश्नाकडे गेले. बावीस मिनिटांत बाहेर आले.

आता जून चालू आहे. सगळ्या निकालाचा दोन पानी सारांश केला आहे, मोठ्या अक्षरात, 'स्थलांतर' हा शब्द न वापरता. गल्लीतल्या घरांत भाचा वाटतोय. सोडून गेलेल्या अकरा घरांचा मी स्वतः घेऊन जाते. आठ झाली. कळंब्याच्या काकांना वाचता येत नाही, म्हणून त्यांना बसून वाचून दाखवला. त्यांनी मधेच थांबवून एक ओळ दुरुस्त करायला लावली. पाणी उंबऱ्यात संध्याकाळी आलं असं मी लिहिलं होतं, ते पहाटे आलं होतं. उरलेली तीन घरं पाऊस लागायच्या आत करायची आहेत.